हीटरचा कॉक बदलायचा, पण आधी दोन्ही पाइपांना हात लावून बघा

प्रश्न ग्वाल्हेरहून, मुरारमधून आला आहे. पंचवीस वर्षांहून जुनी मारुती ८००. मे महिन्यात डॅशबोर्डवरचा गरम-थंडचा खटका पूर्ण थंडकडे असूनही पायाशी गरम वारा येतो. गेल्या जानेवारीत मात्र हाच हीटर धड तापला नाही. शिवाय पुढचा गालिचा अधूनमधून ओला सापडतो. मिस्त्रीचं निदान: "कॉक पास कर रहा है, बायपास करा लो, झंझट ही ख़तम." म्हणजे हीटरकडे जाणारं गरम पाणी अडवणारी तोटी नीट बंद होत नाही, तेव्हा हीटर वगळूनच पाणी फिरवा. कॉक घरी बदलता येईल का, डॅशबोर्ड उघडावा लागेल का आणि नवा घेताना काय पाहायचं, असं विचारलं आहे.

कॉक इंजिनाच्या बाजूला, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीकडे) जाणाऱ्या पाइपात बसवलेला असेल तर घरी बदलता येतो. सकाळचे दोन तास पुरतात आणि डॅशबोर्डला हात लावावा लागत नाही. तो आत हीटरच्या डब्याला चिकटून असेल तर अर्धा दिवस धरा आणि गुडघे-मानेची तयारी ठेवा. पण खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही एक नाही, तीन तक्रारी सांगितल्या आहेत आणि तिन्हींचं खापर कॉकवर फोडलं गेलंय. उन्हाळ्यातला गरम वारा बहुधा कॉकचा किंवा त्याच्या केबलचा. हिवाळ्यातला कोमट हीटर बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने असतो. ओल्या गालिच्याची तर चार कारणं असू शकतात. तेव्हा नवा कॉक बसवूनही दोन तक्रारी जशाच्या तशा राहिल्या तर त्यात कॉकचा दोष नसेल.

म्हणून आधी तपासणी. इंजिनातून फायरवॉलकडे जाणारे दोन बारीक पाइप शोधा. एकातून गरम पाणी हीटरच्या कॉइलमध्ये, म्हणजे डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये जातं, दुसऱ्यातून परत येतं. कॉक बहुतेक गाड्यांत जाणाऱ्या पाइपात असतो. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा, खटका थंडकडे ठेवा आणि पाच मिनिटांनी दोन्ही पाइपांना फडक्यातून हात लावा. पंख्यापासून बाही दूर ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो. कॉकच्या अलीकडचा पाइप गरम आणि पलीकडचा गार असेल तर कॉक नीट बंद होतोय आणि गरम वारा दुसरीकडून येतोय. फायरवॉलवर केबल-वायरिंग आत जाते तिथल्या रबरी बुच्या वाळून तडकल्या असतील, किंवा बाहेरची हवा आत घेणारी झडप अर्धवट उघडी राहत असेल. दोन्ही पाइप गरम असतील तर पाणी पुढे जातंय हे नक्की. पण तेवढ्यावरून कॉक खराब म्हणू नका. केबलची क्लिप सोडा, कॉकची दांडी हाताने बंदच्या टोकापर्यंत न्या आणि पुन्हा दहा मिनिटं थांबा. आता पलीकडचा पाइप गार झाला तर कॉक ठीक आहे, केबल त्याला पूर्ण बंद करत नाहीये. हे काम फुकटात होतं, आणि वाटतं त्यापेक्षा बऱ्याच गाड्यांत एवढंच निघतं.

हिवाळ्याची तक्रार निराळी तपासायची. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, म्हणून इंजिन तापण्याच्या भीतीने थर्मोस्टॅट काढून टाकायची जुनी सवय आहे. मिस्त्री त्याला नुसतं "वॉल्व" म्हणतात आणि तो काढल्याचं गाडीमालकाला पुष्कळदा ठाऊकही नसतं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तोवर पाणी इंजिनातच फिरत राहतं आणि लवकर तापतं. तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून जातं. जानेवारीच्या सकाळी ते कधी पुरतं तापतच नाही, मग हीटर तरी काय गरम करणार? सकाळी गार इंजिन सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपावर अधूनमधून हात ठेवा. पाइप काही मिनिटं गार राहून एकदम तापला तर थर्मोस्टॅट आहे आणि काम करतोय. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर तो नाही, किंवा उघडाच अडकलाय. नवा थर्मोस्टॅट आणि त्याचं पॅकिंग कॉकच्याच कामात टाकून घ्या, पाणी तसंही काढायचंच आहे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढणं म्हणजे ताप मोजायचा नाही म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखं आहे. तापण्याचं कारण रेडिएटरमध्ये, पंख्यात किंवा पाण्याच्या पंपात शोधावं.

थर्मोस्टॅट ठीक असेल तर कॉक पूर्ण उघडा, इंजिन किंचित रेसवर ठेवा आणि पुन्हा तेच दोन पाइप पाहा. जाणारा चटका देणारा आणि येणारा जेमतेम कोमट असेल तर कॉइल चोक झाली आहे. बोअरिंगचं जड पाणी वर्षानुवर्षं टाकलेल्या गाड्यांत हे हमखास होतं. दोन्ही पाइप छान गरम असूनही वारा कोमट असेल तर पाण्याचा काही दोष नाही, हवेची झडप किंवा कॉइलच्या पात्यांत साचलेला कचरा पाहा.

आता गालिचा. ओलावा टिश्यू पेपरने टिपा. चिकट लागला, गोडसर वास आला, हिरवा-लाल रंग उतरला आणि काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल तर ते कूलंट आहे, म्हणजे कॉइल, तिचा सांधा किंवा आत बसवलेला कॉक गळतोय. चव मात्र घेऊन बघू नका, कूलंट विषारी असतं. स्वच्छ पाणी, तेही एसी चालवल्यावरच, असेल तर एसीची निचऱ्याची नळी तुंबली आहे. पावसानंतरच ओलं होत असेल तर काचेचं रबर किंवा काचेखालच्या जाळीचा निचरा तपासा. तुमचा कॉक इंजिनाच्या बाजूला असेल तर त्याची गळती गालिच्यापर्यंत सहसा पोचत नाही. म्हणून कूलंटच निघालं तर कॉइलची तयारी ठेवा आणि दोन्ही कामं एकदमच करा.

इथवर काय ठरलं ते बघू. दांडी हाताने बंद करूनही पलीकडचा पाइप तापत राहतो, किंवा कॉकच्या अंगावर पांढरट-हिरवट खार जमलाय, किंवा दांडी जागची हलतच नाही, या तीनपैकी काही दिसलं तरच कॉक बदला.

नवा कॉक घेताना जुना काढून हातात घेऊन जाणं सगळ्यात चांगलं, पण गाडी तेवढे दिवस उभी ठेवणं जमत नसेल तर चार-पाच बाजूंनी फोटो काढा. "८०० का हीटर कॉक" एवढंच सांगून घेतलेला भाग बसेलच असं नाही, कारण वर्षागणिक फरक आहेत. तोंडांचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक क्लिप आवळून भरून निघतो असं वाटतं, पण पहिल्या उन्हाळ्यात तिथूनच गळती लागते. तोंडांचा कोन, बाणाची दिशा, बसवायची पट्टी पाहा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे केबल ओढल्यावर कॉक उघडतो की बंद होतो ते पाहा. उलट्या चालीचा कॉक दिसायला तंतोतंत तसाच असतो आणि बसवल्यावर खटका गरमकडे नेला की हीटर गार पडतो. दोन तोंडांच्या जागी दोनच, चार तोंडांच्या जागी चारच घ्या. चार तोंडांचा कॉक बंद झाल्यावर पाणी अडवत नाही, वळवून परत पाठवतो. काही इंजिनांत हा फेरा चालू राहणं गरजेचं असतं, म्हणून तिथे साधा कॉक लावू नये.

पितळी मिळाला तर पितळी घ्या. प्लास्टिकचा वाईट नसतो, पण बॉनेटखालच्या उष्णतेने काही वर्षांत कडक होतो आणि मग एके दिवशी तोंडच तुटून पाइपात राहतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या पार्ट्सच्या दुकानांत नाही मिळाला तर दिल्लीचं कश्मिरी गेट आहेच. फक्त गाडी घेऊन जाऊ नका. जुन्या गाड्यांचे तिथले नियम कडक आहेत. जुना कॉक पिशवीत टाकून रेल्वेने जा. कॉकबरोबर दोन्ही हीटर पाइप, पाइपाच्या दर टोकाला एक अशा नव्या क्लिपा आणि कूलंटही आणा. जुने पाइप काढताना कापावेच लागतात, पुढे कळेलच. नवा पाइप जुन्यापेक्षा हातभर जास्त घ्या आणि जागेवर मापून कापा.

काम गार इंजिनावर करायचं, म्हणजे रात्रभर उभ्या गाडीवर. गरम रेडिएटरचं झाकण उघडल्याने भाजलेले हात पुष्कळ आहेत. आधी केबल आणि पाइप जसे आहेत तसे फोटो काढा, केबलचं वरचं आवरण क्लिपमध्ये जिथे धरलंय तिथे नेलपॉलिशची खूण करा. खटका गरमकडे न्या, म्हणजे कॉइलमधलं पाणीही उतरेल. झाकण काढा, खाली टब ठेवा आणि रेडिएटरचा निचरा-बोल्ट सैल करा. जुना बोल्ट फिरत नसेल तर जोर लावू नका, खालचा जाड पाइप सोडा. कूलंट स्वच्छ असेल तर कॉकच्या पातळीखाली जाईपर्यंत काढलं की पुरे, लिटर-दीड लिटर. गढूळ, तांबूस असेल तर सगळं काढा. किती निघालं ते मापून लिहून ठेवा, भरताना हाच आकडा कामाला येतो. आणि टब उघडा ठेवून चहाला जाऊ नका. कूलंट गोड लागतं, गल्लीतली कुत्री आणि गाई ते पितात आणि मरतात. झाकणाच्या डब्यात भरून ठेवा.

मग केबल सोडा, आणि आता पाइप. सगळ्या कामातली नाजूक जागा हीच. पंचवीस वर्षांत रबर नळीला चिकटून गेलेलं असतं, आणि पाइप धरून पिळला की फायरवॉलमधून बाहेर आलेली कॉइलची नळी पिळली जाते. ती पातळ असते, आतल्या टाकीला डाखाने जोडलेली असते. काही शे रुपयांचा कॉक काढताना ही नळी मुळाशी सुटली की डॅशबोर्ड उघडून कॉइल काढण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून कॉइलच्या बाजूचा पाइप ओढायचाच नाही. क्लिप मागे सरकवा, कटरने रबरावर लांबीच्या दिशेने चीर द्या, केळ्याच्या सालीसारखं उकला. कटर धातूवर जोराने ओढू नका, नळीवर लांबीच्या दिशेने पडलेला ओरखडा हीच पुढे गळतीची वाट होते. कॉकच्या बाजूला वाट्टेल तेवढा जोर लावा, तो तसाही जायचाच आहे. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या इंजिनांत कॉक थेट सिलिंडर हेडवर दोन बारीक स्टडांनी बसवलेला असतो. तशी गाडी असेल तर आदल्या रात्री गंजावरचं तेल मारून ठेवा आणि नट अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे करत सोडा. स्टड तुटला तर काम दोन तासांचं राहत नाही.

कॉक निघाला की कॉइल धुऊन घ्या. बागेची नळी परतीच्या तोंडाला लावून उलट्या दिशेने पाणी सोडा, नळ अगदी हळू उघडा. आधी तांबडा गाळ येईल, मग पाणी निवळेल. धुवायला तिघरा धरणाचं नळाला येणारं पाणी चालतं, पण शेवटी लिटरभर डिस्टिल्ड पाणी फिरवून काढा. पाण्याची धारच आली नाही, नुसती ठिबकली, तर कॉइल पुरती चोक आहे. तिच्यात ॲसिड ओतायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. खाराबरोबर डाखही खाल्ला जातो.

नळ्यांची तोंडं बारीक पॉलिश पेपरने गोल फिरवून साफ करा. नवा पाइप आतून थोड्या कूलंटने ओला करून सरकवा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, त्याने हे रबर फुगतं आणि मऊ पडतं. सिलिकॉन किंवा एम-सील तर अजिबात नको. पाइप आणि नळी ठीक असतील तर लागत नाही, ठीक नसतील तर त्याने थांबत नाही, आणि आत सुटलेला तुकडा नेमका कॉइलमध्ये जाऊन अडकतो. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला, पाइपाच्या टोकापासून ४-५ मिलिमीटर सोडून बसवा. स्क्रू ड्रायव्हरनेच आवळा, रबर क्लिपच्या कडेने किंचित फुगलं की थांबा. प्लास्टिकच्या कॉकवर आणखी हलक्या हाताने. बाण पाण्याच्या दिशेने आहे ना, हे क्लिपा आवळण्याआधी एकदा बघाच. पाइप एक्झॉस्टला टेकत नाही आणि कुठे मुडपत नाही, हेही पाहून घ्या.

केबल लावताना क्रम चुकतो, म्हणून नीट सांगतो. आत खटका थंडकडे न्या, पण टोकाशी दोन-एक मिलिमीटरची जागा राहू द्या. बाहेर कॉकची दांडी हाताने पूर्ण बंद करा. दोन्ही टोकं अशी धरून मगच केबलचं आवरण क्लिपमध्ये दाबा. खटका परत येताना थोडा मागे सरकतो, म्हणून ही दोन-एक मिलिमीटरची जागा. मग दहा वेळा गरम-थंड करा आणि दांडी दोन्ही टोकांना पोचते का ते बघा. खटका जड चालत असेल तर केबलच्या आवरणात तेलाचे थेंब सोडा, तरीही जड असेल तर केबल बदला. नवा कॉक महिनाभरात तुटल्याच्या तक्रारीमागे पुष्कळदा ही जुनी, गंजलेली केबल असते. दांडीला ताकदीने ढकलावं लागतं आणि प्लास्टिक हरतं.

भरताना खटका गरमकडेच हवा. गाडीचं तोंड थोडं वर राहील अशी उभी करा. किल्ल्याचा चढ नको, गल्लीचा उतार पुरतो. तयार मिश्रणाचं कूलंट असेल तर त्यात पाणी घालायचं नाही, घट्ट असेल तर बाटलीवरच्या प्रमाणात डिस्टिल्ड पाणी. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, पण कूलंट गंज रोखतं आणि उकळण्याचा अंश वाढवतं, म्हणून नुसतं पाणी नको. हिरवं आणि लाल मिसळू नका. आधीचं कोणतं ते माहीत नसेल तर सगळं काढून नव्याने भरा. बारीक धारेने भरा, मध्ये मध्ये वरचा जाड पाइप हाताने दाबत राहा, बुडबुडे वर येतात. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन संथ चालू द्या. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेवढं भरा, बुडबुडे थांबले की झाकण लावा. मघाशी लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. दोन लिटर काढून दीडच बसलं असेल तर आत हवा अडकली आहे. अशा वेळी रस्त्यावर हीटर मध्येच गार पडतो आणि तापमानाचा काटा वरखाली नाचतो. गाडी पूर्ण गार करून पुन्हा भरा. कॉइल धुतली असेल तर तिच्यात थोडं डिस्टिल्ड पाणी उरलेलं असतं, तेवढा फरक धरून चाला.

झाकणही तपासा. त्याचं खालचं रबर कडक झालं असेल तर बदला, पण जुन्यावर दाबाचा जो आकडा छापलाय तोच घ्या, बहुधा ०.९ असतो. जास्त दाबाचं झाकण म्हणजे जास्त चांगलं असं नाही, जुन्या कॉइलवर तो ताण पडतो. पहिल्या फेरीनंतर गाडी रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी सगळ्या क्लिपा पाव-अर्धा फेरा पुन्हा आवळा, रबर एकदा तापून बसतं. गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं तर थेंब कुठला ते लगेच कळतं.

राहिला बायपासचा प्रश्न. भाग मिळेपर्यंत दोन्ही पाइप एका यू पाइपाने जोडून कॉइल वगळणं ठीक आहे. उन्हाळा त्यावर काढता येईल. पाइपांना नुसत्या बुच्या मारून मात्र बंद करू नका, काही इंजिनांचं पाणी त्याच वाटेने फिरतं. पण डिसेंबर उजाडायच्या आत हीटर परत जोडा. आग्र्याच्या रस्त्यावर पहाटेच्या धुक्यात काच आतून धरली की हीटरचा वारा काचेवर घ्यावा लागतो, आणि एसी असेल तर तो बरोबर चालवला की काच आणखी लवकर निवळते.

आणि मार्च ते नोव्हेंबर हीटरची गरज नसली तरी महिन्यातून एकदा खटका इकडून तिकडे फिरवा. आठ-नऊ महिने एकाच जागी राहिलेल्या कॉकमध्ये खार धरतो. मग पहिल्या थंडीत कुणीतरी खटका जोराने रेटतं आणि दांडी किंवा केबल जाते. जुना पितळी कॉक लगेच भंगारात देऊ नका. तो नुसताच अडकलेला असेल तर व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून पाहा. खार सुटून दांडी मोकळी झाली आणि एका तोंडातून फुंकल्यावर हवा अडली, तर नवा दगा देईल त्या दिवशी तो कामाला येतो.